कुटुंब योजनेतला दुसरा क्रमांक

जो मोबाइल नंबर मी इतकी वर्षं छातीठोकपणे 'माझा नंबर' म्हणून लोकांना देत होतो, तो माझा नव्हताच, हे मला ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी कळलं. तो ऑफिसचा होता. ओळखपत्र, कपाटाची किल्ली आणि फिरती खुर्ची यांच्याबरोबर तोही परत करायचा होता. खुर्चीबद्दल मला काही वाटलं नाही. ती फिरत नव्हतीच.

झालं होतं एवढंच, की आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि नव्या मालकांना यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारा विभाग नको होता. त्या विभागात मी होतो. आणखी कुणी नव्हतं, त्यामुळे निरोपसमारंभाला विभागाची उपस्थिती शंभर टक्के होती. 'यंत्र सुरू करण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा कुणी काहीही लिहिलं नसेल, आणि ते जितक्या कमी लोकांनी पाळलं तितकं कमी काहीही पाळलं गेलं नसेल. यापुढे मी घरी बसून, पानाच्या हिशेबानं, तेच वाक्य लिहावं असं ठरलं.

"नंबर हवा असेल तर स्वतःच्या नावावर करून घ्या," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "महिनाअखेरीच्या आत. फोनच्या दुकानात जायचं, पाच मिनिटांचं काम आहे."

ज्या कामाला पाच मिनिटांचं काम म्हणतात ते करायला माणसाला चांगली प्रकृती, भक्कम बूट आणि सोशीक बायको लागते. बूट मी त्याच वर्षी घेतले होते.

"नवा नंबर घ्या ना सरळ," बायको म्हणाली. "एवढं काय त्या नंबराला सोनं लागलंय?"

"आणि आई?"

आमच्या घरात हा प्रश्न आला की वाद तिथेच संपतो.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिला आम्ही एकटं ठेवलेलं नाही. तिनं आम्हाला बाहेर ठेवलंय. दोन खोल्या, एक खिडकी आणि स्टुलावर ठेवलेला जुना बटणांचा फोन, एवढ्या संसारात तिला तिसरं कुणी नको आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय. समोरच्या माणसाचा मधला भाग धूसर दिसतो, कडा तेवढ्या स्वच्छ. त्यामुळे ती माणसांना कानांवरून ओळखते, म्हणजे त्यांच्या कानांवरून. फोनवरची बटणं तिला दिसत नाहीत, पण माझा नंबर तिच्या बोटांना पाठ आहे. डोक्याला पाठ आहे की नाही शंका आहे, कारण विचारला तर अडखळते, आणि फोनवर हात ठेवला की बोटं धावत सुटतात. रोज संध्याकाळी चहा झाला की तिचा फोन येतो.

"जेवलास का?"

"अगं, आत्ता कुठे चहा झालाय."

"बरं. ठेवते."

आमचं संभाषण इतकंच. पण उद्या ती पडली, गॅस उघडा राहिला, दाराची कडी अडकली, तर तिला जगातला एकच दरवाजा ठोठावता येतो, आणि तो म्हणजे हा नंबर. तो महिनाअखेरीला बंद होणार होता.

तिला दुसरा नंबर शिकवायचे प्रयोग झाले नव्हते असं नाही. मोठ्या बटणांचा मोबाइल आणून दिला, तर तो ट्रक मागे घेताना वाजतो तसा वाजतो म्हणून तिनं तो उशांच्या खोळींखाली ठेवून दिला. बायकोचा नंबर पाठ करून घेतला, तर अर्धा तिचा आणि अर्धा माझा असा मिश्र नंबर लागून फोन एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथल्या माणसाचा घसा बसलेला होता. तो मीच आहे असं समजून तिनं त्याला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला सांगितलं आणि 'तुला कितीदा सांगायचं' म्हणून झापलंही. त्यानं गुळण्या केल्या. फरक पडल्याचं त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवर कळवलं. हा नंबर त्याला कुठून मिळाला, ते आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा मी दुकानात गेलो.

दुकान काचेचं होतं आणि आत इतकं गार होतं की माणूस तक्रार विसरावा. माझा आकडा पुकारल्यावर काउंटरवरच्या मुलीनं माझी कागदपत्रं घेतली, काहीतरी टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. डॉक्टरांनी असं केलं की आपण घरच्यांना बोलावून घेतो.

"सर, तुमचा क्रेडिट स्कोअर खूप लो आहे."

हे ती हळू बोलू शकली असती. पण तिच्या कानाला हेडफोन होता, आणि कानाला हेडफोन असलेला माणूस सगळ्या जगाला बहिरं समजतो. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्या बाजूच्या खांद्यावरची पिशवी काढून पलीकडच्या खांद्यावर घेतली.

"मी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य कितीही खरं असलं तरी मोठ्यानं म्हटलं की खोटं वाटतं.

"हो सर. पण महिन्याच्या शेवटी बिल भरायचा प्लॅन म्हणजे एक प्रकारची उधारीच ना. स्कोअर चांगला नसेल तर सिस्टिम घेत नाही."

"मग मी आधी पैसे भरतो. आधी भरायचा प्लॅन द्या."

"ऑफिसचा नंबर त्या प्लॅनमध्ये डायरेक्ट जात नाही सर. आधी बिलाच्या प्लॅनमध्येच घ्यावा लागतो."

"अनामत रक्कम ठेवतो."

"अनामतीची स्कीम फक्त नव्या नंबरांना आहे."

"म्हणजे मला या देशातला कुठलाही नंबर मिळेल. फक्त माझा सोडून."

"बरोबर सर!" आपलं बोलणं एका गिऱ्हाइकाला तरी समजलं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला.

मग तिनं दयेपोटी पडदा माझ्याकडे वळवला. तिथे माझ्या नावापुढे एका कर्जाची नोंद होती आणि तिच्यासमोर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सेटल्ड'. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"हे बघा, तुमच्याच इथे लिहिलंय. सेटल झालंय ते."

"सर," ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "सेटल्ड म्हणजे वाईट."

आता यात माझी काय चूक, ते कुणीही सांगावं. आपल्याकडे 'सेटल' या शब्दाइतका सुखाचा दुसरा शब्द नाही. मुलगा सेटल झाला म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. मुलगी तिकडेच सेटल झाली म्हटलं की ऐकणाऱ्याला थोडी असूयाही वाटते. माझे वडील 'तू सेटल झालास की मी मोकळा' म्हणत आणि मी होईपर्यंत थांबले नाहीत. असा हा शब्द. आणि तो ज्यानं आमच्या घरात आणला तो माझा साडू.

साडूनं शोभेच्या माशांचं दुकान काढलं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, सदा हसतमुख, आणि माशांबद्दल त्याला खरंच माया. मी जामीन राहिलो. सह्या करण्यापूर्वी कागद काळजीपूर्वक वाचले का, असं विचारू नये. आयुष्यभर लोकांना काळजीपूर्वक वाचायला सांगणाऱ्यालाही कधीतरी सुट्टी हवी. माया जास्त झाली की मासे जगत नाहीत. साडू त्यांना फार खाऊ घालत असे. दुकान बुडालं, कर्ज थकलं, बँकेचे फोन माझ्याकडेही येऊ लागले. आणि मग एके दिवशी साडूचा फोन आला.

"साडूभाऊ! सेटल झालं! सगळं सेटल!"

त्या दिवशी आमच्या घरी गोड केलं. बायकोनं बहिणीला फोन करून रडून घेतलं. मी स्वतः साडूला म्हणालो होतो, "शाब्बास." त्याला बँकेनं विचारलं होतं की सगळे भरता की थोडे भरून सेटल करता, आणि सेटल म्हटल्यावर त्यानं दोन्ही हातांनी सही केली असणार. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, 'या माणसाकडून पूर्ण निघत नाही, जेवढं निघालं तेवढं घेऊन आम्ही नाद सोडला.' कर्जाखाली साडूचं नाव होतं. त्याच्याखाली माझं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. इमारतीतली मुलं त्यांना व्याजकाका म्हणतात, कारण त्यांना काहीही विचारलं की उत्तर वाढत जातं. त्यांनी माझी केस ऐकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कामावर परतल्याचं तेज आलं.

"स्कोअर दुरुस्त होतो," ते म्हणाले. "फक्त शिस्त पाहिजे. तुम्ही अनामतीवरचं कार्ड घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचेच पैसे तुम्ही बँकेत ठेवायचे. बँक त्यावर तुम्हाला कार्ड देणार. कार्डावर तुम्ही बँकेकडून उसने घ्यायचे. आणि वेळेवर परत करायचे."

"माझेच पैसे मी माझ्याकडून उसने घेऊन मला परत करायचे?"

"बँकेमार्फत," व्याजकाका म्हणाले. यात त्यांना काही विनोदी वाटलं नाही, आणि विचार करता मलाही वाटेनासं झालं. माणूस स्वतःला दिलेला शब्द पाळतो की नाही, हे बघायला कुणीतरी तिसरा लागतोच. पहाटे उठून फिरायला जायचं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगतोय.

कार्ड मिळालं. आता त्यावर थोडं थोडं घ्यायचं आणि फेडायचं. मी पहिल्या दिवशी मोजे घेतले आणि संध्याकाळी त्याचे पैसे भरून टाकले. मग कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. ते फेडले. मग पुन्हा मोजे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पाय दोनच आहेत."

एकीकडे हे चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वेगळंच सुचवलं. त्यांच्या भाच्याला एका फोन कंपनीनं नाही म्हटलं होतं, तर दुसऱ्या कंपनीनं लगेच हो म्हटलं. "एकाच दारात काय उभं राहायचं? चार दारं बघावीत." मी चार दारं बघितली. चारही कंपन्यांत अर्ज केले. चौघांनी नाही म्हटलं, आणि महिन्याच्या मध्यावर मी मोठ्या आशेनं स्कोअर पाहिला तर तो पहिल्यापेक्षा खाली आलेला.

"अहो, अर्ज केले की प्रत्येक जण तुमचा स्कोअर तपासतो," व्याजकाकांनी कपाळाला हात लावला. "जितके तपासणार, तितका तो खाली येणार."

म्हणजे जिला कुणी बघायला आलं की ती खालावते, अशी ही वस्तू. आमच्या तरुणपणी स्थळं बघायला जायचे तेव्हा मुलींना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी प्रथमच कळलं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "उशिरा का होईना." पण ती हसली नाही.

शेवटचा उपाय साडू. थोड्या पैशांत 'सेटल' झालेलं कर्ज उरलेले पैसे भरून 'पूर्ण फेडलं' असं करून घेता येतं, असं व्याजकाकांनी सांगितलं. मी जायच्या आधी वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यात 'विश्वास' हा शब्द तीनदा होता.

साडूच्या घरात पुढच्या खोलीत अजून एक मोठी काचेची पेटी होती. आत एकच मासा, चपटा आणि गंभीर.

"हा एकटा वाचला," साडू म्हणाला. "बसा ना साडूभाऊ."

मी बसलो आणि जुळवलेली वाक्यं सोडून सरळ हकिकत सांगितली. आईचे डोळे, नंबर, दुकानातली मुलगी, खांदा बदललेली पिशवी. साडूचं हसू हळूहळू गेलं. त्याचा चेहरा हसण्याशिवाय मी कधी पाहिलेला नव्हता. तो एकदम वयस्कर दिसायला लागला.

"मला वाटलं होतं, मी तुम्हाला सोडवलं," तो म्हणाला. "मी तर सगळ्यांना सांगत होतो."

"मीही शाब्बास म्हणालो होतो."

"हो ना. ते मी विसरलो नाही कधी."

मग आम्ही दोघं बराच वेळ त्या माशाकडे बघत बसलो. तो आमच्याकडे बघत होता, पण त्याला काही सुचलं असेल असं वाटत नाही. चार दिवसांनी साडूनं पेटी, पंप, दिवे, सगळं विकलं आणि उरलेले पैसे भरले. मासा एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात गेला. तिथे तो शोभतो. बँकेनं 'पूर्ण फेड' असं पत्र दिलं, मी ते घेऊन दुकानात धावलो, मुलीनं ते वाचलं आणि खऱ्या सहानुभूतीनं म्हणाली, "छान झालं सर! सिस्टिममध्ये अपडेट व्हायला दीड-दोन महिने लागतील."

महिनाअखेर चार दिवसांवर आली होती.

"घरात कुणाचा चांगला स्कोअर आहे का?" मुलीनं विचारलं. "त्यांच्या नावावर कुटुंब योजना घेता येईल. तुमचा नंबर त्यात दुसरा क्रमांक म्हणून टाकू."

बायकोही माझ्याबरोबर आली होती. तिचा स्कोअर बघितला. नव्हताच. तिनं कधी कर्ज काढलं नव्हतं, सगळं माझ्या नावावर.

"मॅडम, तुम्ही सिस्टिममध्येच नाही आहात."

"मी नाही?" बायको म्हणाली. "मग इतकी वर्षं घर कोण चालवतंय, ते तुमच्या सिस्टिमला विचारा." दुकानातल्या आणखी दोन बायकांनी वळून पाहिलं. त्याही सिस्टिममध्ये नसाव्यात.

बाहेर पायरीवर बायको म्हणाली, "आईंना विचारा."

"नाही."

"त्यांनी फ्रिजपासून पंख्यापर्यंत सगळं हप्त्यानं घेतलंय. अजून घेतात. त्यांचा असणार."

"नाही म्हटलं ना. नोकरी गेली हेसुद्धा मी तिला सांगितलेलं नाही. आता जाऊन सांगू, की आई, पन्नाशी उलटली आणि माझी पत गेली, तेव्हा तू माझी हमी घे?"

"मग काय सांगणार? की महिनाअखेरीनंतर तू फोन केलास तर वेल्डिंगवाला उचलेल?"

बस दोनदा बदलून आम्ही आईकडे गेलो.

आई खिडकीशी बसली होती. माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "आलास? आणि हिलाही आणलंस. म्हणजे काहीतरी मोठं आहे."

मी सांगायला सुरुवात केली. ऑफिसचं नाव काढताच तिनं हात वर केला.

"नोकरी गेली ना? माहीत आहे."

"कुणी सांगितलं?" मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"कुणी कशाला सांगायला हवं? पूर्वी तुझ्या फोनवर मागे छापायच्या मशीनचा आवाज यायचा. हल्ली मिक्सरचा येतो. मला वाटलं सांगशील स्वतःहून."

मग मी बाकीचं सांगितलं. साडू, सेटल, मोजे, सगळं. ती ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "मासे मेले का रे सगळे?" एक वाचला म्हटल्यावर तिला बरं वाटलं. शेवटी मी म्हणालो, की नंबर वाचवायचा तो फक्त तुझ्यासाठी, तुला काही झालं तर कळावं म्हणून.

"असं होय," आई म्हणाली, आणि उठून पिशवी शोधू लागली. "चला. दुकान बंद व्हायच्या आत."

दुकानात मुलीनं आईचा स्कोअर काढला आणि शेजारच्या काउंटरवरच्या मुलाला बोलावलं. दोघं पडद्याकडे बघत राहिले. असा आकडा त्यांनी प्रशिक्षणातच पाहिला असावा.

"आजी, तुमचा तर एक्सलंट आहे!"

"म्हणजे चांगलं का वाईट?" आईनं मला विचारलं. "यांच्यात शब्दांचे अर्थ उलटे असतात म्हणालास ना?"

"चांगलं, आजी. एकही हप्ता लेट नाही. कसं जमवलंत?"

"त्यात काय जमवायचं? रोख दिले की दुकानदार दुसऱ्या दिवशी ओळख विसरतो. हप्त्यानं घेतलं की महिन्या-महिन्याला विचारपूस करतो. मला सोबत होते."

फॉर्म सुरू झाला. मुख्य धारक, आई. दुसरा क्रमांक, मी. नातं, मुलगा. प्रकार, अवलंबित.

"अवलंबित कोण?" आईनं विचारलं.

"हे, आजी." मुलीनं पेनानं माझ्याकडे दाखवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी सरळ उभा राहिलो, कारण अशा वेळी दुसरं काय सरळ ठेवता येतं?

"त्यांच्या नंबरवर मर्यादा घालता येते तुम्हाला. रात्रीचं इंटरनेट बंद ठेवायचं?"

"ठेवा. डोळे जातात."

"आई!"

"तू गप्प बस. मुख्य कोण आहे?"

सहीच्या वेळी तिला चौकट दिसेना. मी हात धरायला गेलो तर मुलगी म्हणाली, "सर, अवलंबित व्यक्तीनं हात लावलेला चालत नाही." आईनं कडेनं कडेनं बघत, बोटानं कागदाचा काठ चाचपत, स्वतः सही केली. ती चौकटीतून निघून खालच्या दोन ओळी ओलांडून गेली. सिस्टिमनं घेतली.

"आणि मुख्य धारकाचा स्वतःचा एक मोबाइल या योजनेत लागतो," मुलगी सहज म्हणाली. "कंपल्सरी आहे."

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, डॉक्टरांकडून सांगून पाहिलं. त्या ट्रकवाल्यानंतर मोबाइल तिनं हातात धरला नव्हता. आई काउंटरवर वाकली.

"त्याशिवाय याचा नंबर नाही होणार?"

"नाही आजी."

"मग द्या." आणि हात पुढे केला. "पण ट्रकसारखा वाजणारा नको."

मुलीनं तिला दिसत नाही म्हणून सगळ्या सूचना आवाजी करून दिल्या आणि एका मोठ्या बटणावर माझा नंबर बसवून दिला. "हे दाबलं की थेट मुलाला लागणार."

रस्त्यावर आल्यावर बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आता त्यांच्याकडे मोबाइल आहे. बटण दाबलं की तुम्ही. म्हणजे नंबर कुठलाही असता तरी चाललं असतं."

मी चालत राहिलो. साडूची पेटी, माझे मोजे, चार कंपन्यांचे नकार, हे सगळं ज्या नंबरासाठी झालं, तो वाचला होता आणि त्याच क्षणी त्याची गरज संपली होती.

त्या संध्याकाळी चहा झाला. आईचा फोन आला नाही. दमली असेल, म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी आला नाही. मी केला, तर म्हणाली, "मजेत आहे, ठेव." तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या संध्याकाळी मी चहा अर्धाच टाकला. रागावली असावी. मुलानं पत घालवली, हे तिला लागलं असणार, त्या दिवशी दाखवलं नाही एवढंच. मी बस पकडली.

आई खिडकीशी बसली होती. नवा मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर, खाली घडी घातलेला रुमाल.

"काय झालं? जेवला नाहीस?" तिनं विचारलं.

"तू फोन का करत नाहीस?"

"थांब. वेळ झालीच आहे. ऐक."

आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं तो मंद वाजला, आईनं बटण दाबलं आणि एका बाईचा गोड, सपाट आवाज खोलीत पसरला. "आपल्या कुटुंब योजनेतील दुसऱ्या क्रमांकाचा आजचा वापर सामान्य आहे. धन्यवाद."

"ऐकलंस?" आई म्हणाली. "रोज संध्याकाळी सांगते ती. सामान्य आहे. मग तुला कशाला त्रास द्यायचा?"

"अगं, पण तू फोन करायचीस तो…"

"तो तू बरा आहेस ना, ते ऐकायला करत होते. दुसरं काय? मला काय धाड भरलीय?"

तिनं चहा टाकला. आम्ही प्यायलो. निघताना मी म्हणालो, की आता मी फोन करत जाईन रोज, आणि ती म्हणाली, "कर की. कोण नाही म्हणतंय?" जणू इतकी वर्षं हे कुणीच सुचवलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायको भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसलो, डोळे मिटले आणि आईचा तो स्टुलावरचा फोन बोटांनी लावून बघितला, हवेतच. पहिले तीन आकडे आले. ते सगळ्या शहराचे असतात. पुढे काही येईना.

मग नंबर कागदावर उतरवून घेतला, कागद उलटा ठेवला आणि म्हणायला लागलो. मधल्या जोडीपर्यंत नीट गेलो.

"...एकोणसत्तर," मी म्हणालो.

"एकोणसाठ," बायको चिरणं न थांबवता म्हणाली. "परत. पहिल्यापासून."